अळीचे सूत आणि आपले भात

(पेण व रोहा तालुक्यांतील भात उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी तुमच्यापुढे एका अगदी बारीक वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे अळीच्या तोंडातून निघणारे सूत. रेशमाचा धंदा आपल्या या भागात होत नाही, मग रेशमाची गोष्ट आम्हाला कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण हे सूत तुमच्या घरात आणि शेतात रोज आहे. पावसाळ्यात डब्यातल्या तांदळाला जाळी धरते, दाणे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, ते सूत. श्रावण-भाद्रपदात भाताचे पान कडेला कडा जुळवून शिवल्यासारखे दिसते, ते सूत. पोपटीसाठी वालाच्या शेंगा काढायला जावे तर फुले आणि कोवळ्या शेंगा एकत्र गुंतलेल्या आढळतात, तेही सूतच.

मागे एकदा खारेपाटातील एक शेतकरी भाताची पाने पिशवीत घालून माझ्याकडे आले होते. पाने गुंडाळलेली, पांढऱ्या पट्ट्यांची. तीन आठवड्यांत तीन फवारण्या केल्या, दर वेळी वेगळे औषध आणले, तरी पाने पांढरीच आहेत, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही दोघांनी मिळून एकेक गुंडाळी उघडून पाहिली. दहातल्या आठ रिकाम्या होत्या. आत फक्त अळीची विष्ठा आणि सुताचे तुटके धागे होते. अळ्या केव्हाच निघून गेल्या होत्या आणि हे गृहस्थ रिकाम्या घरावर औषध मारीत होते. एकदा खरवडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. त्यामुळे औषध लागू पडले की नाही, हे पानाकडे पाहून कळतच नाही. त्या हंगामात त्यांचे भात वाचले, पण भाताने जे द्यायचे ते औषधांच्या बिलात गेले.

ही चूक त्यांच्या एकट्याची नाही. अळीचे सूत कसे तयार होते, ते तिला कशासाठी लागते आणि कोणत्या वयात ती त्याशिवाय उघडी असते, हे आपण समजून घेतले तर अशी चूक टळेल.

सूत कोठे तयार होते

पतंगवर्गीय किडींच्या अळीच्या शरीरात दोन्ही बाजूंना एकेक लांब नळी असते. ही रेशीमग्रंथी. आपल्या तोंडात लाळेच्या ग्रंथी असतात, त्याच जातीची ही ग्रंथी अळीत सूत करण्यासाठी बदललेली आहे. नळीचा मागचा भाग सुताचा गाभा तयार करतो. त्याला फायब्रोइन म्हणतात. मधला भाग डिंकासारखा चिकट पदार्थ तयार करतो. त्याला सेरिसिन म्हणतात. पुढचा भाग बारीक होत होत खालच्या ओठापाशी येतो आणि तेथील टोकातून धागा बाहेर पडतो. आतमध्ये तो दाट रसासारखा असतो. अळी डोके हलवून तो ओढते तेव्हा त्याचा घट्ट धागा बनतो.

तुतीवरच्या रेशीमकिड्यात या ग्रंथीचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे. हा किडा एका कोषासाठी ६०० ते १,२०० मीटर अखंड धागा काढतो. एवढे सूत काढणाऱ्या मागच्या भागात पेशी किती असतात? सुमारे ५००. अळी अंड्यात असतानाच त्यांची संख्या ठरते. पुढे अळी कितीही वाढली तरी या पेशींची संख्या वाढत नाही, त्या फक्त फुगून मोठ्या होतात.

सुताचा आराखडा म्हणजे जनुक

आता जनुक म्हणजे काय ते पाहू. तुम्ही पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-३ पेरले तर ते खाऱ्या जमिनीत तग धरते आणि त्याचे बी पुन्हा पेरले तरी तो गुण टिकतो. तो गुण ज्या सूक्ष्म लिखाणात साठवलेला असतो त्याला जनुक म्हणतात. अळीच्या प्रत्येक पेशीत हे सगळे लिखाण असते, पण प्रत्येक पेशी ते सगळे वाचत नाही. पोथी सगळ्यांकडे आहे, सुताचे पान मात्र फक्त रेशीमग्रंथी उघडते.

रेशीमकिड्यात फायब्रोइनचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाचे जनुक वेगळे आहे. एक फार मोठी साखळी, एक लहान साखळी आणि तिसरे एक जोडप्रथिन. मोठ्या साखळीच्या जनुकाची एका संचात एकच प्रत असते. तरीही त्यातून एवढे रेशीम निघते, कारण त्या फुगलेल्या पेशी आपल्या सगळ्या लिखाणाच्या लाखांच्या घरात नकला करून घेतात. या जनुकाचा संदेश रेशीमग्रंथीतून वेगळा काढण्याचे काम १९७२ साली सुझुकी आणि ब्राऊन या शास्त्रज्ञांनी केले. रेशीमकिड्याच्या सगळ्या जनुकांचा पहिला आराखडा २००४ साली प्रसिद्ध झाला.

मधमाश्यांच्या पेटीत मेणाच्या पोळ्याची जाळी करून टाकणारा मेणकिडा पेटी ठेवणाऱ्यांनी पाहिला असेल. त्याच्या सुतातही हेच तीन भाग आढळतात. उलट विदर्भात ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या टसरच्या किड्यात लहान साखळी आणि जोडप्रथिन नसते, फक्त मोठ्या साखळीवर काम चालते. म्हणजे प्रत्येक जातीने आपापल्या गरजेप्रमाणे सूत घडवले आहे.

सूत नसेल तर काय होते

याचे उत्तर रेशीमकिड्यानेच दिले आहे. रेशीम पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून काही विचित्र किडे आढळत. ते पाला खात, वाढत, पण कोष विणण्याची वेळ आली की नुसतेच पडून राहत आणि उघड्यावरच कोषावस्थेत जात. त्यांना नग्न कोषाचे वाण म्हणतात. तपास केल्यावर कळले की अशा एका वाणात लहान साखळीच्या जनुकात बिघाड आहे. मोठी साखळी धडधाकट तयार होते, पण जोडीदार नसल्यामुळे ती पेशीच्या बाहेरच पडत नाही. उखळ आहे पण मुसळ नाही, अशी स्थिती. पुढे शास्त्रज्ञांनी मोठ्या साखळीचे जनुक मुद्दाम तोडून पाहिले, तेव्हाही ग्रंथी रिकामी राहिली.

हे नग्न किडे जगले कसे? ते जगले कारण ते माणसाच्या घरात, ताटात, निवाऱ्याला होते. मुंगी नाही, पाऊस नाही, पक्षी नाही. तोच किडा पेणच्या खाचरात बांधावर ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत राहिला नसता. पाळीव किड्याला सूत हे आपल्यासाठी काढायचे असते. शेतातल्या अळीला ते स्वतःचा जीव वाचवण्यासाठी लागते.

नुसत्या घरासाठीच सूत लागते असेही नाही. पानावर चालताना अनेक अळ्या सुताची बारीक वाट घालतात आणि तिला पाय रोवतात, म्हणून वाऱ्यापावसात त्या खाली पडत नाहीत. कात टाकण्यापूर्वी पुष्कळ अळ्या सुताची छोटी गादी करून तिला पाय अडकवतात, म्हणजे जुनी कात जागेवर राहते आणि अळी त्यातून पुढे निघते. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर सूत तिच्या उपयोगी पडते.

आपल्या शेतातील सुताचे प्रकार

पाने गुंडाळणारी अळी : हिचा पतंग पिवळसर तपकिरी, पंखांवर नागमोडी गडद रेघा असलेला. मादी पानावर सुटी किंवा दोन-दोन अंडी घालते. अंडी ४ ते ७ दिवसांत उबतात. नुकती निघालेली अळी कोवळ्या, अजून न उलगडलेल्या पानात शिरून खाते. या वयात ती पान गुंडाळत नाही. पहिली कात टाकल्यानंतर ती पानाच्या दोन्ही कडा सुताने जोडून गुंडाळी करते आणि आत बसून हिरवा भाग खरवडते. अळी अवस्था साधारण १५ ते २५ दिवस चालते आणि तेवढ्यात एकच अळी अनेक पाने बदलते. गुंडाळीत तिला ऊन, पाऊस, पक्षी यांपासून संरक्षण मिळते आणि तुमच्या पंपातले औषधही तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

सुरळीतील अळी : ही पानाचे टोक कापते, त्याची सुरळी करते, आतून सुताचे अस्तर लावते आणि ती सुरळी घेऊन पाण्यावर तरंगते. सुरळीत पाणी राहिले तरच ही अळी श्वास घेऊ शकते. पाणी साचून राहणाऱ्या सखल खाचरांत लावणीनंतर हिचा प्रादुर्भाव जास्त दिसतो.

खोडकिडा : पिवळ्या खोडकिड्याची मादी पानाच्या टोकाकडे अंड्यांचा पुंजका घालून तो भुरकट केसांनी झाकते. अळ्या निघाल्या की त्यातल्या पुष्कळ सुताच्या धाग्याला लोंबकळतात आणि वाऱ्याने शेजारच्या चुडांवर जातात. एका पुंजक्यामुळे आजूबाजूचे अनेक चूड का लागतात, त्याचे कारण हे सूत. पुढे अळी खोडात शिरते आणि गाभा मर किंवा पळींज दिसते. कोषावस्थेत जाण्यापूर्वी ती खोडाला बाहेर पडण्याचे भोक पाडते, त्यावर सुताचा पडदा लावते आणि खोडाच्या बुडाशी पांढऱ्या रेशमी आवरणात निजते.

वालावरील शेंगा पोखरणारी ठिपक्यांची अळी : ही फुले, कळ्या आणि शेंगा सुताने एकत्र गुंतवते आणि त्या झुपक्यात लपून खाते. झुपका झाला की औषध आत जात नाही.

तांदळावरील पतंग : साठवणीतील तांदूळ, कणी, रवा यांत हिची अळी जाळी करते. सडलेल्या तांदळाला आणि कणीला हिचा त्रास जास्त, अखंड भाताला कमी.

या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे. अळी निघाल्यापासून सुताचे घर पुरे होईपर्यंत, किंवा खोडात शिरेपर्यंत, थोडा काळ असा जातो की ती उघडी असते. आपले उपाय त्या काळात झाले पाहिजेत. घर पुरे झाल्यावर केलेला उपाय खर्चाचा होतो.

सूत ओळखून करावयाचे उपाय

१. रोपवाटिकेत व लावणीच्या वेळी : रोपांच्या शेंड्यांवर खोडकिड्याचे अंडीपुंज असतात. मुठी बांधताना शेंडे थोडे खुडून ते नष्ट करावेत. अळी सुतावर लोंबकळण्यापूर्वीच काम होते आणि पैसा लागत नाही.

२. खत : नत्र जास्त झाले की पान मऊ व गर्द हिरवे होते आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीला ते आवडते. युरिया एकदम न देता हप्त्याने द्यावा. डॉ. एन. के. सावंत यांनी प्रसार केलेल्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या चौकोनात ७ ते १० सें.मी. खोल खोचतात. त्यामुळे नत्र हळूहळू लागू पडते. त्याच पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख देतात. तिच्यातून सिलिका मिळते, पान व खोड टणक होते आणि अळीचे दात लवकर झिजतात. १५ व २५ सें.मी. आलटून पालटून लावणी केल्यास खाचरात हवा व उजेड खेळतो आणि पाहणीसाठी आत जाता येते.

३. सुरळीतील अळीसाठी : दोघांनी दोन बांधांवर उभे राहून काथ्याची दोरी पिकावरून ओढावी. सुरळ्या पाण्यात पडतात. मग खाचरातील पाणी बाहेर काढावे आणि मोरीपाशी जमलेल्या सुरळ्या गोळा करून नष्ट कराव्यात. शक्य असल्यास दोन-तीन दिवस पाणी बांधू नये. पाणी गेले की ही अळी सुरळीसकट असहाय होते. मात्र वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात सोडताना सुरळ्या शेजाऱ्याच्या शेतात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. हे काम वाडीतील सर्वांनी एकाच दिवशी केले तर फायदा मोठा.

४. पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी : खाचरात पाणी असताना फुटव्यांच्या काळात अशीच दोरी ओढावी. लहान अळ्या खाली पडतात. पाणी नसेल तर त्या सुताच्या आधाराने पुन्हा वर चढतात. पाणी असेल तर बेडूक, मासे व पाण्यातील किडे त्यांचा समाचार घेतात. अळी मोठी होऊन गुंडाळी घट्ट झाल्यावर दोरीचा उपयोग कमी होतो, म्हणून उशीर करू नये. पीक पोटरीत आल्यावर दोरी ओढू नये. ज्या शेतात जिवाणूजन्य करपा आहे तेथेही दोरी ओढू नये, कारण पानांना जखमा होऊन रोग पसरतो.

५. ट्रायकोकार्ड : ट्रायकोग्रामा ही डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. अळीच निघाली नाही तर सूत कोठून येणार? खोडकिड्याच्या अंड्यांसाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या अंड्यांसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस वापरतात. एका कार्डावर साधारण १८ ते २० हजार अंडी असतात आणि ती अंडी असतात तांदळावरील पतंगाची. तुमच्या डब्यात जाळी करणारा पतंगच प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या अंड्यांवर ही माशी पोसतात. कार्डाच्या पट्ट्या कापून सकाळी किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूस टाचाव्यात. पतंग दिसू लागताच पहिले प्रसारण करावे. पट्ट्या लावल्यावर पुढचे काही दिवस रासायनिक फवारणी करू नये.

६. कापणी : खोडकिडा बुडात सुताच्या आवरणात निजलेला असतो, म्हणून कापणी वैभव विळ्याने जमिनीलगत करावी आणि धसकटे नांगरून काढावीत. काळ प्रकल्पाच्या कालव्याखाली रोहा तालुक्यात जेथे उन्हाळी भात होते तेथे हे काम जास्त महत्त्वाचे आहे. खरिपाच्या धसकटात उरलेला किडा तेथे उन्हाळी पिकावर येतो.

७. वाल : कळ्या धरू लागल्या की आठवड्यातून दोनदा वालात फेरी मारावी. सुताने गुंतलेले पहिले झुपके हाताने खुडून नष्ट करावेत. पोपटीच्या किंवा बाजाराच्या कोवळ्या शेंगांवर औषध मारून दुसऱ्या दिवशी तोडणी करणे हा आपल्या मुलाबाळांच्या तब्येतीशी खेळ आहे.

८. साठवण : भात चांगले वाळवून, अखंड ठेवावे आणि गरजेपुरतेच गिरणीवर न्यावे. तांदूळ ठेवण्यापूर्वी कणी व कोंडा चाळून वेगळा करावा. जुनी जाळी असलेला डबा, पिंप किंवा कणगी नुसती झटकून भागत नाही. सुताचे धागे सांदीत राहतात आणि त्यात कोषावस्थेतला किडा असतो. भांडे घासून उन्हात वाळवावे.

फवारणी केव्हा करावी

पान पांढरे दिसले की फवारणी, ही सवय सोडली पाहिजे. खाचरातून कोपरा ते कोपरा चालत जावे आणि २० चूड पाहावेत. प्रत्येक गुंडाळी बोटांनी उघडावी. आत जिवंत हिरवी अळी असेल तरच ती गुंडाळी मोजावी. फुटव्यांच्या काळात प्रति चूड सरासरी २ ताज्या गुंडाळ्या आढळल्या तर फवारणीचा विचार करावा. लावणीनंतरच्या पहिल्या महिना-सव्वा महिन्यात भाताला नवी पाने फुटत असतात आणि थोडे नुकसान पीक भरून काढते. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात १९९४ पासून शेतकऱ्यांना पहिले ४० दिवस पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी फवारणी करू नका, असे सांगण्यात आले. तेथील फवारण्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. मात्र पोटरीच्या सुमारास झेंडापान गुंडाळले जाऊ लागले तर दुर्लक्ष करू नये, कारण लोंबीतला दाणा त्याच पानावर भरतो.

औषध वापरावेच लागले तर क्लोरॅन्ट्रॅनिलीप्रोल १८.५ टक्के प्रवाही हे हेक्टरी १५० मि.लि., म्हणजे एकरी ६० मि.लि. किंवा १० लिटर पाण्यास ३ मि.लि. या प्रमाणात, हेक्टरी ५०० लिटर पाण्यातून फवारावे. फवारणी संध्याकाळी, पाऊस नसताना करावी. डब्यावरील सूचना वाचून हातमोजे व तोंडाला आवरण वापरावे. जुन्या सवयीने फोरेट, ट्रायझोफॉस किंवा फॉस्फामिडॉन मागू नये. त्यांचा वापर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केलेला आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल तर तो वापरू नये.

मित्रांचेही सूत असते

खाचरात दिसणारे सगळे सूत शत्रूचे नसते. लांब पायांचा जबडेवाला कोळी दोन चुडांमध्ये जाळे विणतो आणि त्यात पतंग व तुडतुडे अडकतात. लांडगा कोळी जाळे विणत नाही, तो बुडाशी फिरून शिकार करतो, पण त्याची मादी अंडी मात्र सुताच्या गोल पिशवीत घालून ती पोटाखाली घेऊन फिरते. गुंडाळीत कधी मेलेल्या अळीजवळ तांदळाच्या कणीएवढे पांढरे किंवा पिवळसर कोष दिसतात. अनेकांना ती अळीची अंडी वाटतात आणि ते पान चुरगाळून टाकतात. वास्तविक ते अळीला मारणाऱ्या बारीक गांधीलमाशीचे कोष आहेत. ते पान तसेच ठेवावे.

कारण नसताना केलेल्या फवारणीने प्रथम हे मित्र मरतात, कारण ते उघड्यावर असतात, तर अळी आपल्या गुंडाळीत सुखरूप असते. मग कोळी गेलेल्या शेतात तपकिरी तुडतुडे वाढतात आणि भात जागोजाग करपल्यासारखे होऊन बसते. तीन फवारण्या करणाऱ्याला चौथी करावी लागते, त्याचे हे कारण.

उद्याच्या तंत्राविषयी

शेवटी जनुकाकडे पुन्हा येतो, कारण या विषयाची जाहिरात एक दिवस तुमच्या दारात येणार आहे. अळीचे सुताचे जनुकच बंद करता येईल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे आहे. त्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे जनुकाचा संदेश वाटेत अडवणे. १९९८ साली फायर व मेलो यांनी ही युक्ती एका सूत्रकृमीत दाखवली आणि त्यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या तत्त्वावरचे पानांवर फवारण्याचे पहिले कीटकनाशक अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये नोंदले गेले, पण ते बटाट्यावरील एका भुंगेऱ्यासाठी आहे आणि सुताच्या जनुकावर चालत नाही. पतंगवर्गीय अळ्यांत ही युक्ती अवघड जाते, कारण त्यांच्या पोटातील पाचकरस तो संदेश तोडून टाकतात. दुसरा रस्ता म्हणजे जनुकच कापणे. २०१२ नंतर त्याची सोपी पद्धत हाती आली आहे आणि धान्यावरील पतंगांत तिचे प्रयोगशाळेतील काम चालू आहे. पण एका प्रयोगशाळेतील किडा बदलणे वेगळे आणि रायगडच्या खाचरातील सगळे पतंग बदलणे वेगळे.

या रस्त्यात एक चांगली गोष्ट आहे. कोळ्याचे सूत आणि गांधीलमाशीचे सूत अगदी वेगळ्या जनुकांतून येते. अळीच्या फायब्रोइनवरच नेमका घाव घालता आला तर मित्रकीटक वाचतील. काळजीची गोष्टही आहे. तुतीचा रेशीमकिडा आणि टसरचा किडा हेसुद्धा पतंगच आहेत. मोठ्या साखळीच्या जनुकाची दोन्ही टोके पतंगांच्या अनेक जातींत मिळतीजुळती असतात, मधला लांब भाग मात्र जातीजातीत फार बदलतो. नेम चुकला तर आपल्याच रेशीम उत्पादकाचा किडा नागवा होईल. म्हणून हे काम सावकाश, तपासून व्हायला हवे.

आज भातासाठी सुताचे जनुक बंद करणारे कोणतेही औषध शिफारशीत नाही. कोणी तसे सांगून बाटली देऊ लागला तर ती घेऊ नका. शंका असेल तर किल्ला-रोहा येथील कृषि विज्ञान केंद्रात किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषि संशोधन केंद्रात पान आणि अळी घेऊन जा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अळीजवळ विषारी नांगी नाही, पळायला पंख नाहीत, कठीण कवच नाही. तिच्याजवळ आहे ते एवढे सूत. ते सूत विणून होण्यापूर्वी तिला गाठले तर एक दोरी, दोन माणसे आणि सकाळचा एक तास पुरतो. विणून झाल्यावर गाठायला गेलात तर पंप, औषध आणि मजुरी लागते आणि तरी खात्री नसते. येत्या हंगामात लावणीनंतर दर आठवड्याला एकदा खाचरात उतरा, वीस चूड पाहा आणि औषधाच्या दुकानाकडे निघण्यापूर्वी निदान दहा गुंडाळ्या आपल्या हाताने उघडून बघा. एवढीच विनंती करून मी माझे बोलणे संपवतो.